ज्यांच्या गळ्यात काही नव्हतं

“गळ्यात, कानात, हातात काही धातूचं असेल तर ते या डब्यात ठेवा,” मी म्हटलं.

बायनाबाई ऐवळे खाटेच्या कडेवर बसल्या होत्या. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं. “काय ठिवू, ताई? कारभारी गेलं, तवा गळ्यातलं बी गेलं. ह्या दोन बांगड्या काचंच्या हाईत. लेकीनं बळंच भरल्या.”

“काच चालती,” मालन म्हणाली. मालन आमची मदतनीस. बाईला खोलीत नेणं, निजवणं, धीर देणं हे सगळं तिच्याकडे. “पर हलायचं न्हाई. खोकला आला तर आदी सांगा.”

“आन मेले तर?”

“तर मशीनच सांगंल,” मालन म्हणाली आणि दोघी हसल्या.

मी हसले नाही. या गोष्टीला अकरा वर्षं झाली. तो दिवस आठवला की पहिल्यांदा त्या दोघींचं हसणं ऐकू येतं.

मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या आवारात, तळमजल्यावर आमची प्रयोगशाळा होती. भिंतींच्या आत खास मिश्रधातूचे तीन थर लावलेली ती खोली. रस्त्यावरच्या मोटारी, विजेच्या तारा, जिना, सगळ्यांचं चुंबकत्व त्या थरांबाहेर राहायचं. खाटेच्या वर चौकटीत सोळा संवेदक. प्रत्येकात हरभऱ्याच्या डाळीएवढी काचेची कुपी, तिच्यात रुबिडियम धातूची वाफ, आणि वाफेतून आरपार जाणारा लेसरचा झोत. हृदयाचा ठोका पडला की छातीबाहेर एक क्षीण चुंबकीय क्षेत्र उमटतं, पृथ्वीच्या क्षेत्राच्या दहा लाखाव्या भागाएवढं. वाफेतल्या अणूंना तेवढंही जाणवतं, आणि त्यांना जाणवलेलं त्या झोतात दिसतं. शरीराला स्पर्श न करता हृदय वाचायचं. मी या कामात बारा वर्षं काढली होती.

आमचे प्रमुख हेरवाडकर सर. त्यांचं म्हणणं असं की बाईचं हृदय आजारी असलं तरी ईसीजी पुष्कळदा साधाच येतो; बाई ‘पित्त असेल’ म्हणते, डॉक्टरही तेच म्हणतात आणि ती घरी जाते. ते आपण टिपायचं. ठोक्याच्या आलेखातल्या शेवटच्या भागावरून त्यांनी एक आकडा बसवला होता. तिसाच्या आत निरोगी, चाळिसाच्या वर आजारी. एक्केचाळीस आजारी बायका आणि अडतीस निरोगी बायका मोजून झाल्या होत्या आणि दोन गट इतके वेगळे निघाले होते की निबंध तपासणाऱ्या परदेशी परीक्षकाने ‘विश्वास बसत नाही’ असं कौतुकाने लिहिलं होतं. निबंध स्वीकारला गेला होता. सोमवारी माझ्या कायम नेमणुकीची मुलाखत होती. त्या दिवशी गुरुवार होता.

बायनाबाई बेचाळिसाव्या.

सुरुवातीचे सहा महिने मात्र आमचं काम अडून बसलं होतं, आणि ते यंत्रामुळे नव्हे. बायका मंगळसूत्र काढायला तयार नव्हत्या. आधीच छातीत दुखतंय म्हणून घाबरलेली बाई, तिला गळ्यातलं काढ म्हणायचं. एकीने तर न बोलता चपला घातल्या आणि सरळ एसटी स्टँड गाठला. तेव्हा मी सरांना सुचवलं. मंगळसूत्र तुटलं की आपल्याकडच्या बायका पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घालतात, नवं होईपर्यंत. तसं करू. मालनने बाजारातून किलोभर हळकुंडं आणली, दोरे हळदीत भिजवले. मी एक हळकुंड संवेदकांखाली ठेवून तासभर पाहिलं. रेघ सरळ. त्यानंतर एकही बाई परत गेली नाही. सर भाषणात सांगायचे, “आमच्याकडचा सगळ्यात स्वस्त शोध त्रिशला मगदूम यांचा.”

ज्यांच्या गळ्यात मंगळसूत्र नसेल, त्यांच्यासमोर हळकुंडांची टोपली न्यायची नाही, हेही मीच मालनला बजावलं होतं. उगाच कुणाचं मन दुखवू नये. तशा बाया फार यायच्याही नाहीत. दवाखान्यात आणायला कुणी असेल तर बाई येते. बेचाळिसांत चार.

बायनाबाईंचा आकडा आला बावीस. स्वच्छ. सरांनी वरच्या मजल्यावर डॉ. शिरगुप्पेंना फोन लावला. आमचा आकडा उपचारासाठी वापरायचा नाही असा नियम होता. कागदावर तशी सही होती. पण सरांचा आवाज मला ऐकू येत होता. “ईसीजी साधा आहे ना? मग आमचंही तेच म्हणणं आहे. अँजिओग्राफीची घाई कशाला, बाई हातावर पोट असणारी.” डॉक्टरांनी उद्याची तपासणी पुढे ढकलली आणि पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या.

मी बायनाबाईंना बाहेरच्या बाकावर सांगितलं, “काही नाही निघालं. घरी जा.”

त्यांनी पदराने तोंड पुसलं. “रातभर डोळा न्हवता, ताई. धाकटीचं लगीन ऱ्हायलंय. म्हनलं आता आपलं काय खरं न्हाई.” त्या उठल्या, आणि मालनच्या टेबलाखालच्या टोपलीकडे त्यांचं लक्ष गेलं. “ही कशापायी?”

मालन माझ्याकडे बघू लागली. मीच सांगितलं, चाचरत.

बायनाबाईंनी एक हळकुंड उचलून बोटांत फिरवलं. “पालिशचं हाय. आमच्याकडचंच असंल. सांगलीला मार्केट यार्डामागं शेडमदी असती मी. ड्रमात घालून फिरवत्यात. आत लोखंडी जाळी, हळकुंड घासून घासून असं पिवळंजरद निघतंय. जाळी दोन हंगामात झिजून जाती बगा.”

“झिजून कुठे जाते?” मी विचारलं.

“कुटं जाणार? हळदीतच. म्हनून तर दळपाच्या गिरणीत तोंडाला लोहचुंबक लावत्यात. दिसभरात लोखंडाच्या मिशा फुटत्यात त्याला.” त्यांनी हळकुंड टोपलीत टाकलं. “जाऊ का? अर्धा रोज तरी मिळंल.”

त्या गेल्या. मी तिथेच उभी राहिले. मालनने दोनदा हाक मारली म्हणे.

“मालन,” मी म्हटलं, “एक हळकुंड दे. आणि दोरा. माझ्या गळ्यात बांध.”

मालनच्या हातातला डबा तिथेच राहिला. मी अविवाहित. अडतीस वर्षांची. पहाटे सामायिकाचं ध्यान, सूर्यास्ताआधी जेवण, संध्याकाळी दिवसभरातल्या दोषांची उजळणी, हे जैन व्रतांचे नियम मी सोळाव्या वर्षी घेतले आणि लग्नाचा विषय घरात त्यानंतर हळूहळू बंद झाला.

“ताई, असं चेष्टेवारी न्हाई करू. हे तुमच्या गळ्यात मी कशी बांधू?”

“मोजायसाठी बांधायचंय.”

“मोजायसाठी बी न्हाई. देव बगतोय.”

“तो बघतोय म्हणूनच बांध,” मी म्हटलं. तिने डोळे मिटून गाठ मारली.

आधी दोऱ्याशिवाय निजून मोजलं होतं: एकवीस. आता हळकुंड छातीच्या हाडावर, डाव्या बाजूला जरा कललेलं. मी डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणत पडून राहिले. वीस मिनिटांनी बाहेर येऊन पडद्यावर पाहिलं. सत्तेचाळीस.

माझं हृदय ठणठणीत होतं. पडद्यावर मात्र मी आजारी होते, अगदी निबंधातल्या नमुन्यासारखी आजारी. हृदयात आधी वीज धावते आणि क्षणभराने स्नायू आवळतो. त्या आवळण्याचा धक्का छातीला बसतो, छातीवरचं हळकुंड केसभर हलतं, त्यातले लोखंडाचे कण हलतात. ते हलणं आलेखात नेमकं शेवटच्या भागात येऊन पडतं, जिथे आम्ही आजार शोधत होतो. मी हळकुंड तपासलं होतं ते टेबलावर, स्थिर. टेबलाला छाती नसते.

मग मी यादी काढली. आजारी गटात ज्या तीन बायकांचा आकडा तिसाच्या आत आला होता आणि ज्यांना सरांनी ‘अपवाद’ म्हटलं होतं, त्यांच्या नावांपुढे मीच केलेली नोंद होती: हळकुंड नाही. तिघींच्याही रक्तवाहिन्या तुंबलेल्या होत्या, अँजिओग्राफीत दिसलेल्या.

सर जेवून आले होते. मी कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

“एकदाच मोजलंत?”

“तीनदा. दोन वेगळी हळकुंडं.”

“निरोगी बायकांत कुणालाच नव्हतं का हळकुंड?”

“नाही. त्या आश्रमातल्या.” निरोगी गटासाठी पन्नाशी-साठीच्या, व्यसन नसलेल्या, वेळेवर खाणाऱ्या बायका हव्या होत्या. मी आमच्या बस्तीजवळच्या, म्हणजे जैन मंदिराजवळच्या श्राविकाश्रमातून आणल्या होत्या, सगळ्या विधवा नाही तर ब्रह्मचारिणी. सर तेव्हा खूश झाले होते. म्हणाले होते, अशी माणसं पैसे देऊन मिळत नाहीत.

सरांनी कागद टेबलावर पालथा ठेवला. “चौदा वर्षं, त्रिशलाताई. खोलीचे पत्रे मी स्वतः विमानतळावरून सोडवून आणलेत.”

“हो सर.”

“आठ दिवस थांबू. सगळं नीट मोजू. सोमवार होऊन जाऊ दे तुमचा. मग मासिकाला कळवू, मी स्वतः कळवतो. मी काही लपवा म्हणत नाही.”

“निबंध थांबेल आठ दिवस. बायनाबाई?”

“तो शिरगुप्पेंचा निर्णय आहे.”

“तुमच्या फोननंतर झालेला.”

माझा आवाज मुळातच चढत नाही. सरांनी मान वर केली, जणू मी ओरडले होते. “आणि ते टोपलीचं डोकं कुणाचं होतं?” ते म्हणाले. मग लगेच, हलक्या आवाजात, “सोडा. तसं म्हणायचं नव्हतं मला.”

“म्हणायला हवं तेच म्हणालात,” मी म्हटलं आणि जिना चढून शिरगुप्पेंकडे गेले. त्यांना मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. “केसपेपरवर फोन नंबर आहे तो जावयाचा, तो लागत नाहीये,” ते म्हणाले. “माणूस पाठवतो.”

“मी जाते. शेड मला विचारून सापडेल.”

सांगलीत पोचायला पाच वाजत आले. यार्डामागे एका रांगेत पाच-सहा शेड. सगळीकडे पिवळी धूळ, दारात, मोटारींच्या टपांवर, कुत्र्याच्या पाठीवर. तिसऱ्या शेडमध्ये बायनाबाई दिसल्या. एका बाजूने दुसरी बाई, दुसऱ्या बाजूने त्या, मध्ये पोतं.

“बायनाबाई, ते खाली ठेवा.”

“ताई? तुमी हितं? मशीन बिघडली काय?”

“मशीन नाही. मी चुकले. ते खाली ठेवा आधी.”

त्यांनी पोतं ठेवलं. ड्रमच्या आवाजात मला मोठ्याने बोलावं लागत होतं आणि ते मला जमत नव्हतं. शेवटी एकीने जाऊन बटण बंद केलं. मग सगळ्याच ऐकू लागल्या. मी सांगितलं, हळकुंडाचं, लोखंडाचं, आकड्याचं.

“म्हंजे मला आजार हाय?”

“माहीत नाही. पण सकाळी ‘काही नाही’ म्हटलं, ते म्हणायचा मला अधिकार नव्हता. उद्याची तपासणी करायलाच हवी. आत्ता माझ्याबरोबर चला.”

त्या पोत्यावर बसल्या. “सकाळी घरला जा म्हनला, तवा लई हलकं वाटलं हुतं ओ.” मग म्हणाल्या, “दुसऱ्यास्नी बांधलं, मला का न्हाई बांधलं?”

“तुम्हाला वाईट वाटेल असं वाटलं.”

“कशाचं?”

शेजारची बाई म्हणाली, “बायने, दिसाला चाळीस पोती उपसतीस हळकुंडाची, तवा न्हाई वाटत व्हय वाईट?” सगळ्या हसल्या. बायनाबाईही हसल्या, थोड्या.

“विचारायचं तरी, ताई,” त्या म्हणाल्या. “न्हाई म्हनायचं असतं तर मी म्हनलं असतं.”

“हो.”

“हंगाम हाय. आठ दिसांनी आले तर?”

आठ दिवस. तोच शब्द मी दुसऱ्यांदा ऐकत होते. आयुष्यात कुणाला नियमाचा धाक घातला नव्हता, व्रत हे आपलं आपल्याशी. तरी मी बोलून गेले, “तुम्ही दवाखान्यात दाखल होईपर्यंत मी अन्नपाणी घेणार नाही.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराबाहेरच्या उन्हाकडे. “ह्या जैनाच्या बाया दिवस मावळला की खात न्हाईत म्हनं.”

“नाहीत.”

“म्हंजे आत्ता उठले न्हाई तर उद्यापातुर उपाशी. आन वर पाप माझ्या डोक्यावर.” त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, नळावर हातपाय धुतले आणि मुकादमाला न विचारता चालू लागल्या.

आमची रिक्षा मिरजेच्या रस्त्याला लागली तेव्हा सूर्य टेकला होता. मी काही खाल्लं नव्हतं, ते त्यांच्या लक्षात होतं. दोनदा त्यांनी बाहेर बघितलं आणि दोनदा माझ्याकडे. मग एकदम म्हणाल्या, “मला एक सांगा, ताई. हळकुंड हुतं त्या समद्या आजारी निघाल्या. न्हवतं त्या समद्या चांगल्या.”

“हो. तीच चूक झाली.”

“मग त्या आश्रमातल्या बाया चांगल्या हाईत, हे तुमास्नी कुणी सांगितलं?”

मी तोंड उघडलं. यंत्राने, असं म्हणणार होते.

सबंध दिवस मी आजारी बायकांची यादी उलटीपालटी करत होते. निरोगी यादीला मी हात लावला नव्हता. त्या अडतीस जणींना सुरुवातीला एक ईसीजी, रक्तदाब आणि मग आमचा आकडा. एवढ्यावर आम्ही त्यांना निरोगी म्हटलं होतं. ईसीजीवर भरवसा नाही, म्हणून तर यंत्र बांधलं होतं.

बायनाबाईंच्या दोन रक्तवाहिन्या तुंबलेल्या निघाल्या. शुक्रवारीच डॉ. शिरगुप्पेंनी त्या उघडल्या. त्यानंतर त्या नऊ वर्षं जगल्या, धाकटीचं लग्न त्यांनी केलं, मला बोलावलं. निबंध आम्ही मागे घेतला. सरांनी पत्रावर पहिली सही केली आणि त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलले. सोमवारी मी मुलाखतीला गेले, विचारण्याआधीच सगळं सांगितलं. नेमणूक झाली नाही. पुढे दुसऱ्या गावी, दुसऱ्या खोलीत, पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. दोऱ्याशिवाय आजारी आणि निरोगी यांच्यात आम्हाला अजून तरी फारसा फरक सापडलेला नाही.

पण त्या शुक्रवारी, बायनाबाईंना आत नेल्यावर, मी आश्रमात गेले होते. संचालिकाबाईंना सांगितलं की सगळ्यांची पुन्हा नीट तपासणी करावी लागेल. त्यांनी वही उघडली, नावं वाचू लागल्या, आणि पहिल्याच नावावर थांबून म्हणाल्या, “सुलोचनाबाई तर गेल्या. भाद्रपदात. तुम्ही आला होता की दर्शनाला.”

आले होते. साठ वर्षांच्या सुलोचनाबाई. आमच्या निरोगी यादीत पहिलं नाव त्यांचं. श्रावणात बस्तीच्या पायरीवर त्यांनी मला थांबवून विचारलं होतं, “त्रिशला, अभिषेकाचं पाणी आणताना हल्ली छातीत भरून येतं गं. यंदा दशलक्षण पर्वाचे दहाही उपास धरू का नको? तुझ्या यंत्राला विचारून सांग.” मी फाइल उघडून पाहिली होती. एकोणीस. सगळ्यांत चांगला आकडा. मी त्यांना म्हटलं होतं, “खुशाल धरा. तुमच्या हृदयावरून आम्ही बाकीच्यांची हृदयं मोजतो.”

सातव्या उपासाला, सकाळच्या पूजेत, हात जोडलेले असताना त्या गेल्या. सगळा समाज म्हणाला, असं मरण पुण्यवंतालाच येतं. त्यांच्या पायांवर डोकं ठेवून मीही तेच म्हटलं होतं.